परमुलखास घर मानणारे डॉक्टर कोटणीस

परक्या गावी राहणे म्हणजे काय, हे आमच्या बीड जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको. दिवाळी आली-गेली की गावोगावचे कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेले नवराबायको, त्यांची लेकरे, शेळी, भांडी आणि पांघरुणे असा सगळा संसार गाडीत भरला जातो, आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील एखाद्या साखर कारखान्याच्या शिवारात, कोपी घालून, पाच-सहा महिने काढले जातात. तेथील बोलण्याची ढब निराळी, पाणी निराळे, माणसे अनोळखी. कोणी त्या गावच्या माणसांशी असा जिव्हाळा जोडतो की पुढल्या वर्षी त्याची वाट पाहिली जाते. कोणी सहा महिने राहूनही परका तो परकाच राहतो. हा फरक कशाने पडतो, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडला आहे. आमच्या उपदेशक बंधूंसही तो पडत असेल. कारण त्यांतील बहुतेकांस आपले जन्मगाव सोडून दुसऱ्याच्या गावात घर करावे लागते.

ह्या प्रश्नाचा विचार करताना आमच्या डोळ्यांपुढे एका माणसाचे चरित्र उभे राहते. तो माणूस आमच्या शेजारच्याच मुलखातला. धाराशिव ओलांडून पुढे गेले की सोलापूर लागते. आमच्या जिल्ह्यातील किती तरी माणसे दवाखान्यासाठी, बाजारासाठी आणि पूर्वी गिरण्यांतील कामासाठी त्या शहरी गेलेली आहेत. त्या सोलापुरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस ह्यांचा जन्म झाला, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, हजारो मैलांवर, उत्तर चीनमधील एका डोंगरी खेड्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या मरणाची व शौर्याची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. आज आम्ही त्यांच्या राहण्याची कथा सांगणार आहो. चार वर्षे आणि तीन महिने ते चीन देशात कसे राहिले, काय खाल्ले, काय शिकले, आणि तेथील लोकांनी त्यांस आपले का म्हटले, एवढाच आमचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोटणीस हे आमच्या मंडळीतले नव्हते. ते एका मध्यमवर्गीय हिंदू घरात वाढले, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, म्हणजे 1942 साली, त्यांनी चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व घेतले. ही गोष्ट झाकून ठेवून त्यांची स्तुती करणे आम्हांस योग्य वाटत नाही. परंतु चांगला शेजारी कोण, हे त्याच्या कुळावरून ठरत नसते, तर वाटेत पडलेल्या माणसाजवळ तो थांबला की नाही ह्यावरून ठरते, हे आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक आहे.

कोटणीसांचे कुटुंब मोठे होते. दोन भाऊ व पाच बहिणी. घरची सांपत्तिक स्थिती बेताची असूनही त्यांस मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात पाठविण्यात आले, व ते डॉक्टर झाले. पुढील शिक्षणाची तयारी चालली असतानाच एक हाक कानी आली. जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर मोठी स्वारी केली होती. शहरांवर बॉम्ब पडत होते, जखमींस डॉक्टर मिळत नव्हते. चिनी सेनापती चू तेह ह्यांनी पंडित नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ह्यांनी देशास आवाहन केले. बावीस हजार रुपये व जखमींस वाहून नेणारी एक मोटार अशी मदत जमली, आणि पाच डॉक्टर निवडण्यात आले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख. नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. कोटणीसांचे वय तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबई बंदरातून त्यांची बोट निघाली.

सप्टेंबरच्या मध्यास ते कँटन बंदरी उतरले. डॉ. सन यत-सेन ह्यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग ह्यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून ते हांकौ येथे गेले. परंतु ऑक्टोबर महिना संपण्यापूर्वीच कँटन व हांकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली, आणि मागे सरणाऱ्या लाखो लोकांबरोबर ह्या पाहुण्यांसही पश्चिमेकडे चुंगकिंग येथे जावे लागले. म्हणजे चीनचे पहिले दर्शन त्यांस झाले ते पळणाऱ्या, उपाशी, घरदार सोडलेल्या माणसांच्या गर्दीत.

चुंगकिंग येथे त्यांस नवी नावे मिळाली. शांतिनिकेतनातील चीना भवनाचे प्रमुख प्राध्यापक तान युन-शान तेव्हा तेथे होते. त्यांनी पाचही डॉक्टरांच्या नावांस चिनी रूप दिले, आणि प्रत्येकाच्या नावाअखेर ‘हुआ’ हा शब्द जोडला. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले ‘के ती-हुआ’. चिनी लोकांत आडनाव आधी व स्वतःचे नाव मागाहून येते. म्हणून सोलापूरचे कोटणीस चीनमध्ये ‘के’ घराण्याचे झाले. नाव बदलणे ही लहान गोष्ट आहे असे कोणी समजू नये. आमच्या मंडळ्यांतील वडील माणसांस विचारा. नव्या नावाने कोणी प्रथम हाक मारली तो दिवस माणूस विसरत नाही. परक्याने आपल्यास त्यांच्या जिभेला वळेल असे नाव द्यावे, आणि आपण त्या हाकेस ओ द्यावी, येथून आपलेपणास आरंभ होतो.

चुंगकिंग येथेच त्यांच्यावर पहिला घाव पडला. वडिलांच्या मृत्यूची वार्ता सोलापुराहून आली. घरी आई, भावंडे, कर्ते माणूस गेलेले. सोबत्यांनी त्यांस परत जाण्याचा सल्ला दिला, व त्यांस कोणी दोष दिला नसता. पुढे येनानकडे जावयाची तयारी झाली होती. कोटणीस परतले नाहीत. हा निर्णय योग्य की अयोग्य, ह्याविषयी निवाडा देण्यास आम्ही कोण? ज्याने बापाच्या मातीस न पोहोचण्याचे दुःख सोसले आहे, त्यानेच बोलावे. उसाच्या फडात असताना गावाकडून अशी बातमी आलेली माणसे आमच्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांस हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

12 फेब्रुवारी 1939 रोजी हे पथक येनान येथे पोहोचले. हा भाग शेन्सी प्रांतातला. सगळीकडे पिवळ्या मातीचे उंच, उघडे डोंगर. झाड क्वचित, पाऊस कमी. आमच्या बालाघाटाच्या माळरानावर वाढलेल्या माणसास हे चित्र सहज कल्पिता येईल, मात्र मुरुमाऐवजी मऊ पिवळी माती डोळ्यांपुढे आणावी लागेल. ह्या मातीत डोंगराच्या कडेला आडवी कोरून लोकांनी घरे केलेली असतात. पुढे कमानीचे दार, त्यावर कागद लावलेली खिडकी, आणि आत लांबट खोली. आमच्या माळवदाच्या घराप्रमाणेच ही घरे उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात उबदार असतात. नोव्हेंबर 1938 मध्ये येनान शहरावर बॉम्ब पडले होते, त्यामुळे दवाखाने, शाळा, कचेऱ्या सर्व काही अशा कोरीव घरांत चालत असे. कोटणीसांनी तेथील रुग्णालयात कामास आरंभ केला.

उत्तर चीनमधील शेतकऱ्याच्या घरात सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे ‘कांग’. हा कच्च्या विटांचा रुंद ओटा असतो. शेजारच्या चुलीचा धूर व ऊब त्याच्या पोटातून फिरवून धुराड्यातून बाहेर काढलेली असते. म्हणजे एकाच जळणात अन्नही शिजते व अंथरूणही तापते. तेथील हिवाळा आमच्याकडच्या पौषासारखा नसतो. पाणी गोठून दगड होते. अशा दिवसांत सारे घर कांगवर बसते, तेथेच जेवते, शिवणटिपण करते, आणि रात्री ओळीने निजते. पाहुणा आला तर त्यास उबेच्या बाजूस जागा देतात. असा मान मिळाला म्हणजे समजावे की घराने आपल्यास आत घेतले.

अन्नाविषयी आमच्या वाचकांस विशेष कुतूहल वाटेल. चीन म्हटले की लोक भात समजतात. परंतु भात दक्षिणेकडचा. उत्तरेकडील कोरडवाहू मुलखात गरिबाचे मुख्य अन्न म्हणजे राळे, जे आमच्याकडे आता संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीस, तेवढे आठवणीने शिजविले जाते. त्या राळ्यांची पातळ पेज सकाळी, व घट्ट भात दुपारी, असे तेथे चालते. त्याच्या जोडीस तेथे ज्वारीही होते. पुरुषभर उंचीची ती ज्वारी पाहून आमचा शेतकरी गहिवरला असता. ताटांच्या चटया व कुडे करावयाचे, धांडे जाळावयाचे, हे सर्व तेथेही आहे. मात्र भाकरी थापण्याची रीत तेथे नाही. गव्हाच्या पिठाचे वाफेवर उकडलेले गोळे करतात, आणि तेही गरिबाच्या घरी सणावारी. जेवावयाचे हाताने नव्हे, दोन काड्यांनी. दुधाचा व तुपाचा मागमूस नाही. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. आणि पुष्कळ घरी चहाही नाही, नुसते उकळलेले ऊन पाणी, तेच पाहुण्यापुढे आदराने ठेवतात. तथापि एक गोष्ट अगदी आमच्यासारखी. वाटेत ओळखीचा माणूस भेटला तर तेथेही कुशल विचारण्याऐवजी जेवण झाले काय, असेच विचारतात. ज्या देशाने उपास पाहिला आहे, तेथे हाच प्रश्न प्रेमाचा असतो.

सोलापूरच्या घरात वरण-भात-भाकरीवर वाढलेल्या तरुणास हे सर्व एका दिवसात गोड लागले असेल असे आम्ही म्हणत नाही. पाचांपैकी तिघे प्रकृतीच्या वा अन्य कारणांनी एकामागून एक स्वदेशी परतले, आणि त्यांत त्यांचा कमीपणा मुळीच नाही. शेवटी बसू व कोटणीस हे दोघे राहिले.

कोटणीसांस चीनमधील नववर्षाचे चार सण लाभले. ते येनानला पोहोचल्यानंतर सातव्या दिवशीच त्यांतला पहिला आला. हा सण चांद्रमासाप्रमाणे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येतो. दारांच्या दोन्ही अंगांस लाल कागदावर शुभ वचने लिहून चिकटवितात. आदल्या रात्री घरातील सर्व माणसे, बायका-पुरुष, एकत्र बसून करंज्या भरतात. त्या गोड नसतात. कोबी व मांसाचे सारण घालून पाण्यात उकडलेल्या असतात. दूर गेलेला मुलगा त्या रात्री घरी यावा अशी प्रत्येक आईची इच्छा असते. युद्धाच्या काळात ज्यांची मुले घरी येऊ शकत नव्हती अशा घरांत परक्या मुलास त्या रात्री काय मोल असेल, हे सांगावयास नको.

1939 च्या अखेरीस कोटणीस येनान सोडून लढाईच्या आघाडीकडे निघाले. पायी, घोड्यावर, खेचरावर, नद्या व डोंगर ओलांडीत, शत्रूच्या ठाण्यांमधून रात्री वाट काढीत, अनेक महिन्यांनी ते वुताई पर्वताच्या पलीकडे होपेई प्रांताच्या डोंगरी भागात पोहोचले. ह्या मुलखात त्यांच्यापूर्वी डॉ. नॉर्मन बेथून नावाचा कॅनडा देशाचा शस्त्रवैद्य काम करीत होता. हा एका प्रेस्बिटेरियन पाळकाचा मुलगा. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विष भिनून 12 नोव्हेंबर 1939 रोजी तो वारला होता. जून 1940 मध्ये तांग परगण्यात त्याच्या कबरीचा समारंभ झाला, त्यास कोटणीस हजर होते. पुढे त्याच्याच नावाच्या वैद्यकीय शाळेत ते शिकवू लागले, आणि जानेवारी 1941 मध्ये त्याच्याच नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले.

रुग्णालय म्हटले म्हणजे दगडी इमारत, लोखंडी खाटा असे काही वाचकांनी कल्पू नये. तांग परगण्यातील गेगुंग व आसपासची खेडी, हेच रुग्णालय होते. जखमी शिपाई शेतकऱ्यांच्या घरांत, त्यांच्याच कांगवर ठेवलेले असत, व घरच्या बाया त्यांस पेज पाजीत. दाराची फळी काढून तिचा पलंग वा डोली करीत. सैन्याचा नियम असा होता की निघताना प्रत्येक फळी ज्या दाराची असेल त्याच दारास परत बसवावी, अंथरलेला कडबा आवरून ठेवावा, आणि गावकऱ्याची सुई वा दोरासुद्धा फुकट घेऊ नये. शत्रू चालून आला की सारे रुग्णालय खेचरांवर लादून दुसऱ्या खोऱ्यात न्यावे लागे. 1940 साली मोठी चढाई झाली तेव्हा कोटणीसांच्या पथकाने तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, आणि त्यांत एकदा तीन दिवस व तीन रात्री त्यांनी झोप घेतली नाही.

परंतु आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे कष्ट शस्त्रक्रियेचे नव्हते, भाषेचे होते. चिनी भाषेत बाराखडी नाही; प्रत्येक शब्दास निराळे चित्राक्षर, आणि ती हजारांनी मोजावयाची. शिवाय उच्चाराच्या चढउताराने अर्थ बदलतो. ‘मा’ हा एकच शब्द एका सुरात आई, दुसऱ्यात वाख काढावयाचे झाड, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात रागावणे असा होतो. चूक झाली तर आईचा घोडा व्हावयाचा! कोटणीसांनी ह्या भाषेचा अभ्यास येनानपासूनच नेटाने केला, आणि थोड्याच काळात दुभाष्यावाचून चिनी विद्यार्थ्यांस शस्त्रक्रियाशास्त्र शिकविण्याइतकी ती आत्मसात केली. त्या शाळेसाठी त्यांनी शस्त्रक्रियेचे एक प्राथमिक पुस्तक तयार केले, व दुसरे मोठे लिहावयास घेतले. ज्या डॉक्टरास रोग्याची भाषा येते, त्याच्यापुढे रोगी आपले खरे दुखणे सांगतो. दुभाष्यामार्फत अंगातला ताप सांगता येतो, मनातला नाही.

गावकरी व सैनिक त्यांस प्रेमाने ‘काळी आई’ अशा अर्थाच्या नावाने हाक मारीत. वर्ण सावळा, आणि रोग्याची सेवा आईसारखी, म्हणून हे नाव. आमच्या शेतकऱ्यास हे ऐकून आश्चर्य वाटेल. कारण आपणही काळी आई म्हणतो, परंतु ते आपल्या जमिनीस. चीनच्या लोकांस हे ठाऊक नव्हते. तरी दोन देशांतील कुणब्यांनी आपापल्या परीने, ज्यावाचून जगता येत नाही त्यासच हे नाव दिले.

त्याच शाळेत क्वो छिंगलान नावाची तरुणी परिचर्येचे शिक्षण देत असे. ही ह्या डोंगरात कशी आली, ह्यामागे आमच्या वाचकांस जवळची वाटेल अशी एक कथा आहे. न्यूझीलंडची कॅथलीन हॉल नावाची मिशनरी परिचारिका त्या भागातील एका खेड्यात दवाखाना चालवीत असे. जपानी पहाऱ्यातून ती पेकिंगहून औषधे लपवून आणी व डॉ. बेथूनकडे पोहोचवी. तिच्याच प्रेरणेने काही शिकलेल्या परिचारिका शहर सोडून ह्या डोंगरात आल्या, त्यांत क्वो होती. पुढे जपान्यांनी त्या मिशनरी बाईचे ठिकाण जाळून टाकले. क्वो व कोटणीस ह्यांची पहिली भेट बेथूनच्या कबरीच्या समारंभात झाली, आणि 25 नोव्हेंबर 1941 रोजी त्यांचा विवाह झाला. 23 ऑगस्ट 1942 रोजी त्यांस मुलगा झाला. सेनापती नीए रुंगचेन ह्यांनी त्याचे नाव सुचविले, ‘इन्-हुआ’. इन् म्हणजे हिंदुस्थान व हुआ म्हणजे चीन.

हे मूल ज्या वर्षी जन्मले ते वर्ष फार कठीण होते. शत्रूने गावेच्या गावे जाळली होती, आणि त्यात अन्नाचा दुष्काळ. 1942 च्या वसंतऋतूत लोक झाडांचा पाला उकडून खाऊ लागले. तेव्हा नीए रुंगचेन ह्यांनी असा हुकूम काढला की, गावाजवळच्या झाडांचा पाला सैनिकांनी तोडू नये. तो गावकऱ्यांसाठी राखावा. आमच्यातील वडील माणसांस 1972 चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि मिलो आठवत असतील. पाला कोणी घ्यावा ह्यासाठी हुकूम निघावा, ह्याचा अर्थ त्यांस कळेल. कोटणीस व त्यांचे कुटुंब ह्याच टंचाईत राहत होते.

त्यांची प्रकृती ढासळत चालली होती. त्यांस फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. दुसरीकडे जाऊन विश्रांती व उपचार घ्यावेत असे वरिष्ठांनी सुचविले, परंतु ते गेले नाहीत. औषधांची वाण, झोपेचा अभाव, आणि अपुरे अन्न; ह्यात रोग बळावला. 9 डिसेंबर 1942 च्या पहाटे, झटक्यामागून झटके येऊन, गेगुंग गावी ते मरण पावले. वय बत्तीस वर्षे. मूल साडेतीन महिन्यांचे. मोठे पुस्तक अर्धे राहिलेले.

येथे आम्ही थोडे थांबून दोन शब्द लिहितो. रोग अंगावर काढून काम करीत राहणे आम्ही अनुकरणीय म्हणून सांगत नाही. कोटणीसांपाशी औषध नव्हते; आज आपणापाशी आहे. फेफरे ही भूतबाधा नव्हे, शापही नव्हे. आमच्या खेड्यांत अजून रोग्याच्या नाकाशी कांदा वा जोडा धरतात व मांत्रिकाकडे नेतात. तसे न करता अंबाजोगाईस, बीडला वा सोलापुरास डॉक्टरांकडे न्यावे. औषध नियमाने घेतल्यास पुष्कळांचे झटके आटोक्यात राहतात. ज्या रोगाने कोटणीस गेले, त्याने आमच्या गावचे कोणी उपचारावाचून जाऊ नये.

त्यांस तेथील एका खेड्यातच पुरण्यात आले. काही वर्षांनी त्यांच्या अस्थी शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आल्या. तेथे बेथून व कोटणीस ह्यांच्या कबरी आहेत, आणि चिंग-मिंग नावाच्या पितरांच्या दिवशी, जो एप्रिलच्या आरंभी येतो, लोक तेथे फुले वाहतात. चीनमध्ये त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या पूर्वजांच्या कबरी झाडून स्वच्छ करते. सोलापूरच्या एका मुलाची कबर चिनी घरांनी आपल्या वाडवडिलांबरोबर झाडावी, ह्याहून आपलेपणाची मोठी खूण कोणती?

त्यांच्या मागची हकीकत सगळीच सुखाची नाही. मुलगा इन्-हुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना 1967 साली, तारुण्यातच वारला. क्वो छिंगलान ह्या पुढे अनेक वेळा भारतात येऊन कोटणीस कुटुंबास भेटल्या. 2012 साली त्यांचेही निधन झाले. मधल्या काळात, 1962 साली, त्याच दोन देशांत युद्ध झाले, आणि 2020 साली गलवानच्या खोऱ्यात पुन्हा रक्त सांडले. ज्या घरांचे शिपाई गेले त्यांचे दुःख खरे आहे, व कोटणीसांचे नाव घेऊन ते पुसता येणार नाही. तथापि ह्या साऱ्या काळात चीनने त्यांची आठवण टाकली नाही. 1982 साली त्या देशाने त्यांच्या नावाची टपाल तिकिटे काढली, आणि चीनचे मोठमोठे पुढारी भारतात आले म्हणजे कोटणीसांच्या भावाबहिणींस आवर्जून भेटत. 2014 साली चीनचे राष्ट्राध्यक्ष त्यांच्या वयोवृद्ध भगिनी मनोरमाबाई ह्यांस दिल्लीत भेटले. आपल्याकडे 1946 साली व्ही. शांताराम ह्यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, 1993 साली भारतानेही टपाल तिकीट काढले, आणि सोलापुरात त्यांचे स्मारक झाले आहे. सोलापुरास जाणाऱ्या वाचकांनी ते अवश्य पाहावे.

आता आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. परके गाव आपले कशाने होते? औषध देऊन होते, असे म्हणावे तर औषधे पुष्कळांनी दिली. उपदेश करून होते, असे म्हणावे तर उपदेशही पुष्कळांनी केला. कोटणीसांच्या चरित्रावरून आम्हांस असे दिसते की, देण्याच्या आधी घ्यावे लागते. त्यांनी प्रथम त्या लोकांनी दिलेले नाव घेतले, त्यांचे राळे खाल्ले, त्यांच्या कांगवर निजले, त्यांची अवघड भाषा विद्यार्थी होऊन शिकली, आणि त्यांच्या टंचाईत आपला वाटा उचलला. मग त्यांनी जे दिले ते परक्याचे दान राहिले नाही, घरच्या माणसाचे कर्तव्य झाले.

आमच्या उपदेशक बंधूंनी नव्या गावी जाताना हे ध्यानात ठेवावे. गावाने पुढे केलेली भाकर प्रथम घ्यावी, तेथील बोली ऐकावी, कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे आधी जाणावे. बोलण्याची वेळ मागाहून येईल. आणि हे लिहिताना आम्हांस आपल्या गावची दुसरी बाजूही दिसते. ह्या वर्षीही कोयते निघतील, आणि आमच्या जिल्ह्यातूनही परप्रांतीचे मजूर विटाभट्टीवर, रस्त्याच्या कामावर येऊन राहतील. गेगुंगच्या गरीब बायांनी सोलापूरच्या मुलास कांगवर उबेची जागा दिली. आमच्या शिवारात पाल ठोकून राहिलेल्या त्या माणसांपैकी किती जणांचे नाव आम्हांस ठाऊक आहे? वाटेत भेटल्यावर जेवण झाले काय, एवढे तरी आम्ही त्यांस विचारले आहे काय?